इस्त्री केलेला उजेड

आमचे अप्पा दिवसा सुईत दोरा ओवायचे तो चष्म्याशिवाय, एका झटक्यात. आणि दिवेलागण झाली की उंबऱ्यात उभा असलेला स्वतःचा मुलगा त्यांना ओळखू यायचा नाही. "कोण आहे?" असं विचारायचे, आणि माझा अण्णा दर वेळी थोडा दुखावून "मी" म्हणायचा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, याला रातांधळेपणा म्हणतात, यावर चष्मा नाही, जपून राहा. जपून राहणं हे औषध अप्पांना कधीच मानवलं नाही. मलाही मानवत नाही, आणि घरात आमच्या दोघांचंच जास्त पटायचं त्याचं कारण तेच असावं.

आमचं घर शिंप्यांचं. बंगळूरच्या चामराजपेटेत किती पिढ्या गेल्या ते कुणालाच धड सांगता येत नाही. घरात मराठी, दुकानात कन्नड, आणि भांडणात जे आधी तोंडाला येईल ते. पुढच्या खोलीत अप्पांचं कापडं बेतायचं मेज आणि शिलाई मशीन, मागे आम्ही. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट आहे. मी होसकोटेला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी करत होते, लग्नाला नकार देऊन नातेवाइकांना वैताग आणत होते. अण्णा बँकेत होता आणि बायकोमुलांसह एचएसआर लेआउटच्या नव्या घरात राहायला गेला होता. तिकडे तेव्हा घरांपेक्षा रिकामे प्लॉट जास्त होते, पण रस्ते सपाट आहेत हे तो आम्हांला दर रविवारी ऐकवायचा.

अप्पांचं एक व्यसन होतं. रोज पहाटे, फटफटायच्या आत, ते फुलांच्या बाजाराला चालत जायचे. देवाला लागतील तेवढी फुलं दारावरही मिळत होती. पण फुलं हे निमित्त होतं. बाजारात जायचं, फुलवाल्या अक्कांशी कन्नडात हुज्जत घालायची, शेवंतीत नाक खुपसून ती कालची की आजची ते सांगायचं, वाटेत उभ्याउभ्या अर्धी कॉफी प्यायची, आणि उजाडता उजाडता परत येऊन कात्री हातात घ्यायची. हे झालं की त्यांचा दिवस सुरू व्हायचा. अंधारात हातात तीन सेलची जुनी बॅटरी असायची, आणि बाकीचं काम पाय सवयीनं करायचे.

त्या वर्षी गौरीच्या आदल्या दिवशी ते पडले. आमच्या रस्त्याला फुटपाथ म्हणजे गटारावर टाकलेल्या दगडी फरश्या. डबे बनवणाऱ्याच्या दुकानासमोरची एक फरशी कधीची गायब होती. अप्पांचा पाय नेमका त्यात गेला. घोटा सुजला, कपाळ खरचटलं, आणि गौरीची फुलं गटारात गेली. त्यांना जास्त दुःख फुलांचं झालं.

अण्णा स्कूटरवरून धावत आला. अप्पांचा पाय मांडीवर घेऊन स्वतः लेप लावला. मग म्हणाला, "अप्पा, आता पुरे. हात धरायला कुणी असेल तरच घराबाहेर पडायचं. एकट्यानं नाही."

अप्पा कन्नडात "सरी" म्हणाले, म्हणजे बरं.

एवढंच. अण्णाला वाटलं, ऐकलं. मला मात्र धास्ती वाटली, कारण अप्पांनी वाद न घालता काहीही कबूल केलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

अण्णानं सायकलवरून फुलं टाकणारा एक माणूस लावून दिला. प्लास्टिकच्या पिशवीत घामेजलेली फुलं यायची. अप्पा पिशवी उघडायचे, वास घ्यायचे आणि तशीच अम्माच्या, म्हणजे माझ्या आईच्या, हातात द्यायचे. घोटा बरा झाला तरी पहाटे उठून ते आपले दारातल्या खुर्चीवर बसायचे, पायांत चपला घालून. त्या चपला बघून मला रडू यायचं आणि रडू आलं की माझा संताप होतो. कामावर मी त्या दिवसांत बऱ्याच जणांना उगीच फाडून खाल्लं.

एका संध्याकाळी मी अप्पांना सरळ विचारलं, "इतकी वर्षं त्या भोकावरून जाता. त्याच दिवशी कसे पडलात?"

"भोक चुकवायला गेलो, म्हणून पडलो," अप्पा म्हणाले. "दिवा घालव. दाखवतो तुला, पुट्टी." लाडात आले की ते मला कन्नडात असं 'छोटी' म्हणायचे.

मी दिवा घालवला. अप्पांनी बॅटरी भिंतीवर मारली आणि मी जन्मात पहिल्यांदा बॅटरीचा उजेड नीट पाहिला. बॅटरी लागते किंवा लागत नाही, एवढंच मला आजवर माहीत. भिंतीवर मधोमध एक काळा डाग होता. त्याच्याभोवती उजेडाचं कडं, मग काळं कडं, मग परत उजेडाचं. कडेला कुठेतरी एक पांढरं शेपूट वळवळत होतं.

"तुम्हां लोकांचे डोळे हे आपोआप विसरतात," अप्पा म्हणाले. "माझे नाही विसरत. प्रत्येक काळं कडं मला खड्डा. मी बॅटरीचा खड्डा चुकवला आणि गटाराच्या खड्ड्यात गेलो."

म्हणजे अप्पांचे पाय शाबूत होते, अंदाज शाबूत होता, आणि डोळ्यांना जेवढा उजेड लागतो तेवढा बॅटरीत होता. तो फक्त नासका पडत होता. मला एकदम इतका आनंद झाला की मी अंधारात हसले.

रविवारी अण्णाशी माझं जुंपलं. मी म्हटलं, दोष अप्पांचा नाही, बॅटरीचा आहे. तो म्हणाला, "मग तू बॅटरी सुधार, मी अप्पांना सोडतो," आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला.

"हसू नकोस. शब्द दे," मी म्हटलं. "अप्पा एकटे बाजारात जाऊन, कुणाचा हात न धरता परत आले, तर तू पुन्हा अडवायचं नाहीस."

त्यानं शब्द दिला. मला लहानपणापासून तो शब्द असाच देतो, मी हरणार या खात्रीनं.

मी आधी बल्बच्या मागे लागले. बल्बमागे जी चकचकीत वाटी असते, रिफ्लेक्टर, तिच्यात बल्बची तार नेमक्या जागी आली नाही की मधे काळं पडतं, हे मला एवढ्यातेवढ्या खटपटीनं कळलं. अप्पा बेतायला वापरतात त्या खाकी कागदाच्या बारीक चकत्या कापून मी बल्बखाली घालत गेले. डाग गेला. त्याच्या जागी ताटलीएवढा डोळे दिपवणारा ठिपका आला आणि बाकी सगळीकडे काळोख. कडी होतीच.

अप्पांनी अंगणात चालून बघितलं. "पलीकडच्या भिंतीवरची मुंगी दिसते," ते म्हणाले, "पण माझा पाय दिसत नाही. मला मुंग्या विकत घ्यायच्या नाहीत."

मग मी काचेवर बटर पेपर लावला, बेतकामाचाच. कडी गेली, आणि कागदानं निम्मा उजेडही खाऊन टाकला. अप्पा म्हणाले, "हे देवघरात लावू." माझा आणखी संताप झाला. अप्पांना मात्र मजा येऊ लागली होती. दिवेलागण झाली की ते स्वतःच मशीनवर पांघरूण घालायचे आणि खोलीचा दिवा घालवून वाट बघत बसायचे. चपला घालून दारात बसणं त्यांनी आपोआप सोडलं होतं. माझ्याकडून काही होवो न होवो, एवढं झालं होतं, पण मला एवढ्यावर भागवायचं नव्हतं.

अशात दसरा आला. खंडेनवमीला बंगळूर सगळी कामं ठेवून आपापली अवजारं धुतं. बस, ऑटो, करवती, टाइपरायटर, सगळ्यांना गंध आणि झेंडूच्या माळा. आमच्याकडे मशीन, कात्र्या, इस्त्री, टेप, अप्पांच्या बोटातलं पितळी अंगुस्तान, सगळं मेजावर मांडलं जातं. घासायचं काम अम्माचं. आणि अम्माचा नियम सोपा होता: ज्याला चमक आहे ते चिंच आणि राखेनं घासायचं.

मी कामावरून आले तेव्हा पाटावर बॅटरी सुटी करून ठेवलेली होती. कवच लखलखत होतं. शेजारी वाटी होती, आतून पिवळी. अम्मानं चिंच लावून, राख घेऊन, काथ्यानं ती आतून अशी घासली होती की तिच्यावरचा रुपेरी मुलामा साफ निघून खालचं पितळ उघडं पडलं होतं. त्यावर काथ्याचे ओरखडे.

"अम्मा, हे काय केलंस!"

"काय केलं? काळी पडली होती ती. तांब्याभांडी घासते तशी घासली."

"ती घासायची नसते. हात लावायचा नसतो तिला!"

"समईसुद्धा घासल्याशिवाय मी देवापुढं ठेवत नाही," अम्मा म्हणाली, "ही बॅटरी कोण लागून गेली?"

मी तोंड वेडंवाकडं करून आत गेले. एवढ्या चकत्या, एवढा खटाटोप, आणि सणाच्या घासण्यानं सगळं पाण्यात. त्या वेळी मला अण्णाचं हसू आधी ऐकू आलं.

अप्पांनी मात्र बॅटरी परत जुळवली, सवयीनं खोलीचा दिवा घालवला आणि भिंतीवर उजेड मारला. उजेड पिवळा होता, आजारी होता. मी म्हटलं, "राहू द्या अप्पा."

"इकडे ये," अप्पा म्हणाले. "खड्डे कुठे गेले?"

मी बघितलं. खरंच, भिंतीवर एकही कडं नव्हतं. डाग नव्हता, शेपूट नव्हतं. उजेड फिका होता, पण मधून कडेपर्यंत सलग होता. म्हणजे वाटी गुळगुळीत होती तोवर ती बल्बच्या तारेचं चित्र जसंच्या तसं भिंतीवर फेकत होती, आणि अम्मानं तिला खरवडून काढल्यावर ते चित्र मोडलं होतं. खरखरीत वाटीनं कडी जातात. पण खरखरीत झाली की चमक जाते. दोन्ही एका जागी कसं आणायचं, तिथे माझी गाडी अडली.

दुसऱ्या कुणाच्या घरी मी तिथेच अडून राहिले असते. आमच्याकडे खंडेनवमी होती. पूजेला बसलो, अम्मानं मेजावर समई ठेवली, आणि तिच्याजवळ अप्पांचं अंगुस्तान होतं, नुकतंच घासलेलं. शिंप्याच्या अंगुस्तानाला बाहेरून सगळीकडे बारीक खळगे असतात, सुईचं डोकं घसरू नये म्हणून. मी हात जोडून त्याच्याकडे बघत होते. प्रत्येक खळग्यात एक एक ज्योत होती, आणि त्यांचा उजेड मेजावरच्या कात्रीवर सारखा पसरला होता. खडबडीत होतं आणि चकचकीतही होतं.

"अप्पा," मी आरती चालू असतानाच म्हटलं, "वाटीला अंगुस्तान करायचं."

अम्मानं डोळे वटारले. अप्पांनी टाळ्या वाजवणं थांबवलं नाही, पण ते अंगुस्तानाकडे बघत राहिले, आणि आरती संपल्यावर त्यांनी पहिल्यांदा तेच उचललं.

सण उलटल्यावर मी सिटी मार्केटच्या मागच्या गल्लीतून पत्र्याच्या नव्या वाट्या आणल्या. पहिलीवर खिळा आणि हातोडी चालवली. तिचा मुलामा तडकला. अप्पा म्हणाले, "ठोकू नको, दाब. आणि खाली काहीतरी दे." खांदे आणि बाह्या इस्त्री करायला त्यांच्याकडे वाळू भरलेली एक गच्च उशी होती. तिच्यात त्यांनी मुठीनं खड्डा केला आणि वाटी पालथी न घालता उताणी बसवली. मी अम्माच्या क्रोशाच्या सुईचं मागचं गोल बोंड घेतलं आणि आतून एक एक खळगा दाबत गेले. पत्रा वाळूत अलगद बसायचा, मुलामा शाबूत राहायचा.

दुसरी वाटीही बिघडली. खळगे सुंदर आले होते, अगदी ओळीत, आणि भिंतीवर तशाच ओळी उमटल्या. अप्पा पोट धरून हसले. "टीप घातलीयस तू," ते म्हणाले. "टीप घातली की शिवण दिसणारच. विखरून घाल." हसताना त्यांचे डोळे गच्च मिटले होते आणि मी वाटीऐवजी त्यांच्याकडे बघत बसले. पडल्यापासून ते असे हसले नव्हते.

तिसरी मी घाई न करता केली. खळगे विखुरले, आणि उथळ ठेवले, कारण खोल केले की उजेड फार पसरून फिका होतो. बल्बखाली खाकी चकत्या तशाच. बॅटरी जुळवली आणि अप्पांच्या हातात दिली. त्यांनी दिवा घालवला.

भिंतीवर उजेड पडला तो पांढरा, मधे भरीव, आणि कडेला विरत विरत संपणारा. त्यात एक कडं नव्हतं. अप्पा भिंतीजवळ गेले, उजेडावरून हात फिरवला, कापडावरून फिरवतात तसा.

"एक चुणी नाही," ते म्हणाले. "इस्त्री केलीस तू याला."

मला आयुष्यात बरीच प्रशस्तिपत्रं मिळाली, बढत्याही मिळाल्या. यातलं एकही त्या वाक्याच्या पासंगाला पुरत नाही.

शनिवारी मी अण्णाला फोन केला, उद्या अप्पा जाणार म्हणून. तो रात्रीच मुक्कामाला आला. त्यानं बॅटरी पेटवूनही बघितली नाही. पहाटे अप्पा उठले, धुतलेलं धोतर नेसले, पिशवी घेतली आणि दार ओढून निघाले. त्यांची चप्पल जराशी लांब वाजू लागल्यावर अण्णा उठून शर्ट घालायला लागला.

"शब्द दिलायस," मी म्हटलं.

"हात धरत नाही मी. नुसता मागून येतो," तो म्हणाला. "पडले तर उचलायला कुणीतरी पाहिजे की नको?"

त्याचा चेहरा बघून माझ्यानं चिडवेना. तो खरंच घाबरला होता. मीही घाबरले होते, पण मी ते बोलणार नव्हते. आम्ही दोघं मागोमाग निघालो, अप्पांना कळू नये म्हणून दिव्याशिवाय.

रस्त्यावरचे दिवे गेलेले होते. त्यात दसऱ्याला आयुधांवरून ओवाळून फोडलेल्या कोहळ्यांच्या फोडी अजून जागोजागी पडलेल्या, पावलाखाली बुळबुळीत झालेल्या. पुढे अप्पांचा उजेड संथपणे चालला होता. फोडी आल्या की तो जरा उजवीकडे व्हायचा, अप्पाही व्हायचे. कुत्रं आडवं झोपलेलं होतं, त्याला वळसा घातला. डबेवाल्याच्या दुकानाशी उजेड थांबला. अप्पांनी गायब फरशीच्या भोकात बॅटरी मारली, ओळखीच्या माणसाची विचारपूस करावी तशी ते सगळीकडून न्याहाळलं, आणि एक लांब ढांग टाकून पलीकडे गेले. तिथून पुढे त्यांची चाल बदलली. ते भराभर चालू लागले, जुने अप्पा चालायचे तसे, मान वर करून. मी अंधारात अण्णाचा दंड घट्ट धरला.

बाजारात आम्ही पोत्यांच्या आडून बघत होतो. तिथल्या बल्बांच्या झगमगाटात अप्पांनी बॅटरी काखेत मारली आणि शेवंतीच्या ढिगाशी उभं राहून नाक खुपसलं. फुलवाल्या अक्का ओरडल्या, इतके दिवस कुठे मेलात म्हणून. अप्पांनी तितक्याच मोठ्यानं उत्तर दिलं, शेवंती कालची आहे म्हणून. त्यांनी कॉफी प्यायली. पूर्ण प्यायली.

परतीला अजून काळोखच होता. अण्णाचा जीव भांड्यात पडला होता, आणि तसं झालं की तो बडबडतो. कुजबुजत मला सांगू लागला, की हे जमणार असं त्याला पहिल्यापासून वाटतच होतं. बोलता बोलता पुढे कोहळ्याच्या फोडी आल्या. तो त्या चुकवायला बाजूला सरला, आणि मला धप्प आवाज आला, आणि माझ्या शेजारी अण्णा नव्हता.

डबेवाल्याच्या दुकानासमोर, त्याच भोकात, तो गुडघ्यापर्यंत गटारात गेला होता.

पुढे चाललेला उजेड थांबला. मागे वळला. जमिनीवरून सरपटत आला, फोडींवरून, फरशांवरून, भोकाच्या कडेवरून, अण्णाच्या मांडीवरून, आणि त्याच्या चेहऱ्यावर येऊन थांबला. बरंच अंतर होतं. अप्पांनी "कोण आहे?" असं विचारलं नाही. त्यांनी अण्णाला त्याच्या घरातल्या नावानं हाक मारली.

गटारात पाय घेऊन अण्णा नुसता त्या उजेडाकडे बघत राहिला, आणि त्याच्या गालांवरून पाणी आलेलं मला दिसलं, कारण उजेड तेवढा चांगला होता.

अप्पा आले. पिशवी माझ्याकडे दिली, बॅटरी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात त्याच्यापुढे केला. "लागलं काय? स्वल्प थांब, चप्पल दिसतीय मला. तिकडे, आत." मी वाकून ती काढली. अण्णा उभा राहिला तरी अप्पांनी त्याचा हात सोडला नाही. घरापर्यंत ते त्याला तसेच धरून घेऊन आले, पुढे उजेड टाकत, "इथे फोड आहे, इथे दगड आहे" असं सांगत, आणि तो लहान मुलासारखा पाय टाकत राहिला. मी मागून फुलांची पिशवी आणि ओली चप्पल घेऊन चालले होते, आणि माझ्याइतकं जिंकलेलं माणूस त्या पहाटे सगळ्या बंगळुरात नव्हतं.

अम्मा दारात उभी होती. तिनं अण्णाचा चिखलानं भरलेला पाय बघितला, मग अप्पांकडे बघितलं, आणि विचारलं, "हा कसा पडला?"

"एकटाच चालला होता," अप्पा म्हणाले, "बॅटरी नव्हती बिचाऱ्याकडे."